राहिलेलं माप

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला ते कळून पाच. मधली सहा वर्षं तुम्ही कुठंतरी आहात, कधीतरी गाठ पडेल, तेव्हा निवांत बोलू, असं धरून मी चालले होते. आज हे लिहितेय ते आपल्या धरणाच्या काठावर बसून. दुपारचं जेवण झालंय, ऊन सांडव्याच्या दगडांवर आलंय आणि वारा सुटलाय, त्यामुळं दोन-तीन तास पाण्यात जाता येणार नाही. लाटा उठल्या की यंत्र खोली चुकीची दाखवतं. म्हणून वेळ आहे, आणि वही तर असतेच जवळ.

मी कामासाठी आलेय. धरणात गाळ किती साचलाय ते मोजायचं काम आमच्याकडं आलंय. मोठ्या पाण्यात इंजिनाची बोट फिरते, पण ओढ्यांच्या तोंडाशी, वाळलेल्या बाभळींच्या बुंध्यांमधून, जिथं गुडघाभर पाणी असतं तिथं ती जात नाही. तिथं मी कयाक घेऊन जाते. लांबट, निमुळती होडी आहे, दोन माणसं पुढं-मागं बसतील एवढी, नारिंगी प्लॅस्टिकची. दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. बुडाशी खोली मोजायचं यंत्र लावलेलं असतं. ते तळाकडं आवाज सोडतं आणि परत आलेला ऐकून किती पाणी आहे ते सांगतं. पहिल्या दिवशी गाडीवरून ती उतरवली तेव्हा म्हशी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं तिच्याभोवती फेरी मारली, बोटांनी वाजवून बघितली आणि म्हणाला, "ही व्हय तुझी नाव? म्या म्हनलं, एवढं मोठं गाजर कुणी आनलं." तुम्ही हसला असतात. तोंडावर पदर धरून हसायची तुमची सवय होती.

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा मी पाचवीत होते. कोकणातून इतक्या लांब, परंडा तालुक्यातल्या एका माळावरच्या शाळेत कुणी नोकरीला येतं याचंच गावाला नवल वाटायचं. गाव तरी काय, जुनं गाव धरणात गेल्यावर वर वसवलेलं. सरळ रस्ते, सारखी घरं आणि झाड म्हणून एक नाही. पहिल्याच दिवशी वर्गात तुम्ही विचारलंत, "समुद्र कुणी कुणी बघितलाय?" एकही हात वर झाला नाही. मागून एकजण म्हणाला, "बाई, टीव्हीवर." तुम्ही पुस्तक उघडलंत, भूशिर म्हणजे काय ते वाचलंत, आमच्या चेहऱ्यांकडं बघितलंत आणि पुस्तक मिटलंत. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या वर्गाला रांगेनं धरणावर घेऊन गेलात. काठावर उभं राहून म्हणालात, "हा घ्या समुद्र. मीठ नाही, एवढाच फरक."

आणि मग खरंच तसं दिसायला लागलं. जमिनीचं एक टोक पाण्यात घुसलं होतं, ते भूशिर. ओढ्याच्या तोंडाशी पाणी आत शिरलं होतं, ती खाडी. म्हशी डुंबायच्या तो उपसागर. नकाशावर त्याचं नाव 'म्हशींचा उपसागर' असंच पडलं. मधे एक खडकाळ उंचवटा होता, ते बेट, आणि बेट आणि काठ यांच्यामधलं अरुंद पाणी म्हणजे सामुद्रधुनी. हा शब्द वर्गातल्या निम्म्या पोरांना शेवटपर्यंत म्हणता आला नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि मोकळ्या झालेल्या गाळात लोकांनी टरबुजं लावली, तेव्हा तुम्ही आम्हाला तिथं नेलंत. "ही तुमची ओहोटी," म्हणालात. "आमच्याकडं दिवसातून दोनदा येते, तुमच्याकडं वर्षातून एकदा. तुम्ही लोक सोशिक." ते ऐकून आम्ही हसलो होतो, पण तुम्ही पाण्याकडं बघत होता आणि तुमचा चेहरा हसरा नव्हता.

रविवारी मी तुमच्या खोलीवर यायचे. तुमची खोली आठवते मला, एक खिडकी, एक स्टोव्ह, डब्यात सुकवलेली आमसुलं. तुम्ही धरणातला मासा आणून शिजवायचात, एक घास खायचात आणि म्हणायचात, "अगो, ह्याला चवच नाही." तरी पुढच्या रविवारी परत आणायचात. स्टोव्हवर भात शिजत असताना तुम्ही मला तुमच्या खाडीवरच्या बांधाची गोष्ट सांगितली होती. शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि त्याला ठेवलेलं लाकडी दार, त्याला तुमच्याकडं उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की आतलं गोडं पाणी त्याला बाहेर ढकलून उघडतं. "कुणी हात लावायला नको. पाणीच दार लावतं, पाणीच काढतं," तुम्ही सांगत होता. तुमचे वडील त्या उघाडीची राखण करायचे. दारात ओंडका अडकला की कमरेएवढ्या चिखलात उतरायचे. धरणाच्या भिंतीतून कालव्याला पाणी सोडतात ती दारं लोखंडी आणि माणसानं फिरवायची. तुम्ही तीही आम्हाला दाखवलीत, पण तुमचं मन त्या लाकडी दारात होतं. मी दहा वर्षांची होते आणि पाण्याला दार असतं हे मला तुमच्या स्वयंपाकाच्या वेळी कळलं.

नकाशाची कल्पना तुमचीच. सहावीत आम्ही काठाचा नकाशा केला, पावलं मोजून. सातवीत तुम्ही म्हणालात, आता खोली मोजू. त्यासाठी पाण्यात जायला हवं, आणि गावात होडी नव्हती. आमची काहिल होती. गूळ करायची मोठी, सपाट बुडाची लोखंडी काहिल. आमचं थोडं रान धरणाच्या पल्याड राहिलं होतं म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, त्या काहिलीत बसून फळीनं वल्हवत पलीकडं जायचे, वैरण आणायचे. तुम्ही आबांना विचारायला घरी आलात. आबा म्हणाले, "बाई, पानी म्हंजी खेळ न्हाय." तुम्ही म्हणालात, "आबा, मी पाण्यातच वाढलेय. म्हणून सांगते, तुम्ही बरोबर असल्याशिवाय एकही मूल काहिलीत पाय ठेवणार नाही." आबांना ते पटलं. तुम्ही गावाकडच्या मासेमारीच्या जाळ्याचा एक शिशाचा गोळा आणला होता. तो दोरीला बांधला, दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या. शनिवारी शाळा सुटली की आबा वल्हवायचे, दोन-दोन मुलं आळीपाळीनं काहिलीत बसून गोळा तळाला टेकवायची, गाठी मोजायची आणि तुम्ही काठावरून, कुठं थांबायचं ते हात करून सांगायचात. आकडे लिहायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझं अक्षर बरं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी उशीर झाला. बेटाच्या अलीकडची एक जागा राहिली. आबांना दूध घालायला जायचं होतं. मी तिथं सात हात लिहून टाकलं; दोन्ही बाजूंना सहा आणि आठ होते, मधे सात असणारच. सोमवारी तुम्ही वही बघितलीत आणि मला टेबलाजवळ बोलावलंत.

"हे सात कुणी मोजलं?"

मी वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"मोजलं नाही ना? मग 'मोजलं नाही' असं लिही. ते खरं असतं. सात खरं नाही." तुम्ही आवाज चढवला नव्हता. पण सगळा वर्ग ऐकत होता, आणि मी त्या वर्गात पहिली येणारी मुलगी होते. तुम्ही माझ्याच हातून तो आकडा खोडवून घेतलात. "हे माप राहिलंय," म्हणालात. "सुट्टीनंतर घेऊ."

ती सुट्टी मला खात राहिली. तुम्ही कुर्डुवाडीच्या एसटीनं गावाकडं गेलात, पंधरा दिवसांनी आलात आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी वही काढल्यावर ती जागा भरलेली दिसावी, खरी भरलेली, एवढंच मला हवं होतं. माझ्या बाकावर बसायची ती माझी मैत्रीण, तिला मी म्हटलं, चल, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, "आबा?" मी म्हटलं, आबा परंड्याला बाजाराला गेलेत. काहिल बाभळीला बांधलेली होती. दोर मी सोडला, बाई. तिनं नाही, मी.

काहिल तशी सहज उलटत नाही. पण वल्हवणारा नवा असला की जाग्यावर गरगर फिरते. आम्ही फिरत फिरत कशातरी बेटाजवळ पोहोचलो. मी कडेला वाकून गोळा सोडला. गाठी मोजता याव्यात म्हणून तीही माझ्याच बाजूला वाकली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. लोखंड डोक्यावरून येतंय. पाणी नाकात, थंड, हिरवं. मी वर येते, परत खाली जाते. आणि काठावरून तुमचा आवाज, तुम्ही धुणं टाकून पळत आलेल्या, "पाय टेक! उभी राहा, पाय टेक!" मी पाय टेकले आणि खाली खरंच जमीन होती. जुन्या गावाचा उंच भरावाचा रस्ता तिथून जायचा. पाणी माझ्या हनुवटीपर्यंत आलं. पण ती रस्त्याच्या कडेवरून पलीकडं घसरली होती. तुम्ही नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात आलात. मी हनुवटी वर करून उभी होते आणि तुम्ही माझ्या शेजारून पोहत गेलात, बुडी मारलीत, दिसेनाशा झालात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मोजलं नाही.

तिला दुधाच्या गाडीतून परंड्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस होती. वाचली. त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात गाव जमलं होतं. तिचे वडील, चुलते, आणि बाजारातून आलेले आबा, हातातली पिशवीही अजून खाली न ठेवलेले. आबांनी एकच विचारलं, "काहिल कुनी सोडली?" मला त्यांचा हात दिसत होता. आणि हातापेक्षाही जास्त भीती होती ती त्यांच्या नेहमीच्या वाक्याची, सातवी झाली की बास. मी म्हटलं, "बाईंनी सांगितलं व्हतं. राहिलेलं माप घ्यायला."

 मग तिचा चुलता म्हणाला, "लेकरं पान्यात घालाया आलीय व्हय ही बाई? हिच्या मुलखात घाल म्हनावं!"  आबांनी मला मारलं नाही. मला त्या रात्री झोप लागली हेही सांगायला हवं.

आठ दिवसांनी चौकशीला साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. मला बोलावलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. साहेबांनी तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्ही सांगितलं होतं का मुलींना?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. राग नव्हता तुमच्या नजरेत. टेबलाजवळ बोलावून वही पुढं केलीत त्या दिवशी बघितलं होतं तसंच बघितलंत, जणू उत्तर मला माहीत आहे आणि मला थोडा वेळ द्यायला हवा. मी वेळ घेतला नाही, मान खाली घातली. तेव्हा तुम्ही साहेबांना म्हणालात, "माप राहिलंय, असं मी म्हटलं होतं."

"म्हणजे सांगितलं होतं."

तुम्ही गप्प राहिलात. त्यांनी लिहून घेतलं. तुम्ही एकही खोटा शब्द बोलला नव्हता, बाई. हे मला कळायला किती वर्षं लागली.

तुमची बदली मुरुमला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आला होता. मी जोंधळ्यात लपून बसले, आत तुमची आणि आबांची बोलणी चालली होती तेवढा वेळ. आबा पुढं कधी त्याबद्दल बोलले नाहीत, फक्त सातवीचा निकाल लागला तेव्हा मला परंड्याच्या शाळेत घातलं, आणि आईनं का म्हणून विचारल्यावर म्हणाले, "त्या बाईनं हात जोडले व्हते. न्हाय म्हनता येईना." माझी मैत्रीण मात्र दवाखान्यातून आली ती शाळेत परत आलीच नाही. तिच्या घरच्यांनी तिला पाठवलं नाही.

मुरुमहून तुमचं एक पोस्टकार्ड आलं. माझ्या नावानं. इथली बरीच मुलं घरी कानडी बोलतात, पाण्याला नीरु म्हणतात. शाळेपासून पाणी लांब आहे, म्हणून आम्ही हौदात वीट ठेवून बेट केलंय. अक्षर तसंच, सुटं सुटं. खाली, अभ्यास कर. मी ते कार्ड दप्तरात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? उद्या लिहू, परवा लिहू, असं करत दहावी झाली, डिप्लोमा झाला, पुण्यात नोकरी लागली. पाण्याच्या मोजणीची नोकरी. मुलाखतीत विचारलं, हेच काम का? मी काहीतरी सांगितलं, आता आठवत नाही.

समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो नोकरीतच. खाडीकाठचे बांध कुठं कुठं फुटलेत त्याची पाहणी होती, आणि कयाक चालवायला मी तिथंच शिकले. पहिले चार दिवस दंड भरून आले, पाचव्या दिवशी वल्ह्याची लय सापडली. पाण्याला इतकं लागून बसलं की जमीन वेगळीच दिसते, बाई. काठावरून जी नुसती झाडी वाटते तिच्यात आत जाणाऱ्या वाटा दिसतात. बांध कुठं खचलाय, कुठं खेकड्यांनी पोखरलाय, पाणी कुठून चोरून आत शिरतं, ते हाताच्या अंतरावरून कळतं. माझ्याबरोबरची मुलं समुद्र बघून ओरडत होती. मी एका खडकाळ टोकाला वळसा घातला, समोर एक बेट, मधे अरुंद पाणी, आणि मला सगळं ओळखीचं वाटलं. लोक धरण बघून म्हणतात, समुद्रासारखं आहे. मला समुद्र धरणासारखा वाटला. त्या पाहणीच्या यादीत तुमच्या गावाचं नाव होतं. तुम्ही स्टोव्हजवळ बसून इतक्यांदा उच्चारलेलं नाव.

मी भरतीबरोबर खाडीतून आत गेले. बांध दिसला, उघाडी दिसली; आता सिमेंटची चौकट आहे, दार मात्र अजून लाकडाचं. मी थांबून बघितलं. पाणी चढत गेलं आणि कुणीही हात न लावता दार लागलं. बांधावर एक बाई सुकी लाकडं गोळा करत होत्या. त्यांना तुमचं नाव सांगून विचारलं. त्या तुमच्या वहिनी निघाल्या. म्हणाल्या, "वन्सं? त्यांका जाऊन सा वर्सां झाली गो."

मला घरी नेलं, पडवीत बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. तुमच्याबद्दल भरभरून बोलल्या. तुम्ही मराठवाड्याबद्दल कधी वाईट बोलला नाहीत. जोंधळ्याची भाकरी तिथंच करायला शिकलात आणि इथं येऊन सगळ्यांना करून घातलीत. तुमच्या आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला होत्या आणि दर उन्हाळ्यात विचारायच्या, बदली झाली काय गो तिची? "दर साल अर्ज करी म्हणे," वहिनी म्हणाल्या. "मंजूर होय ना. आई गेली त्याच्या फुडल्या वर्सा झाली बदली. नशीब आपला." तुमच्या सेवापुस्तकात त्या चौकशीचा शेरा होता म्हणून अर्ज अडला, की कोकणात जागाच नव्हती, ते मला ठाऊक नाही. कुणाला विचारणार? पण मी त्या पडवीत बसून मनात आकडा लिहून टाकलाच, न मोजता. मग वहिनींनी विचारलं, "तू कोण गो तिची?" मी म्हटलं, "विद्यार्थिनी." त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. चौकशीबद्दल त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

आणि आता ही चालू आठवड्यातली गोष्ट, जिच्यासाठी खरं तर वही उघडली. परवा सकाळी मी काठावर वल्हं जुळवत होते, तर एक बाई येऊन उभी राहिली. अंगानं भरलेली, कपाळाला कुंकू, हातात नारळाची पिशवी. "वळखलं का?" म्हणाली. मी ओळखलं नाही. मग ती हसली आणि पुढच्या दातातली फट दिसली. माझ्या बाकावरची. तिचं सासर सोनारीचं. भैरवनाथाच्या देवळाजवळ नारळ-गुलालाचं दुकान आहे, दिवसभर माकडं हाकलत धंदा करावा लागतो म्हणाली. माहेरी आली होती, कुणीतरी सांगितलं, धरणावर एक बाई गाजरात बसून फिरती. "म्या म्हनलं, दुसरी कोन असनार."

आम्ही दगडावर बसलो. तिची मुलगी बार्शीला नर्सिंग करते, हे तिनं दोनदा सांगितलं.  मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी बाईंनी सांगितलं नव्हतं."

"मला काय सांगतीस," ती म्हणाली. "म्या व्हते की तिथं."

इतकी वर्षं मी हे एकटीचं समजत होते. हिलाही सगळं माहीत होतं, हे माझ्या मनात कसं आलं नाही? मी विचारलं, "मग तू का नाही बोललीस?"

ती पिशवीचे बंद गुंडाळायला लागली. "दवाखान्यातनं आल्यावर आयनं इचारलं व्हतं. म्या व्हय म्हनले, बाईंनीच सांगितलं. आगं, बाई काय, जातील दुसऱ्या गावाला, असं वाटलं. आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांनी मला केसाला धरून वर काढलं व्हतं. आजून कुनी केसांची येनी घालाया लागलं की डोळं भरत्यात माझं. पोरीला वाटतं, आयचं डोकं दुखतंय."

मी तिला म्हटलं, चल, पाण्यात येतेस? ती म्हणाली, "मला?" आणि मग चपला काढून पुढच्या जागेवर येऊन बसलीसुद्धा. मी तिला तरंगायचं जाकीट घातलं, पट्टे आवळले. पहिली दहा मिनिटं तिनं दोन्ही कडा इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली. म्हशींच्या उपसागरातून बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "हे काय त्याचं नाव, सामू..." मी म्हटलं, सामुद्रधुनी. ती म्हणाली, "तेच. कधी आलंच न्हाय मला."

बेटाच्या अलीकडं मी वल्हं आडवं धरलं. पडद्यावर तळाची रेघ उंच आली, एकदम खाली गेली. रस्ता, आणि रस्त्याची कड. "हितंच का?" तिनं विचारलं. इथंच, मी म्हटलं. तिनं कडेचा हात सोडून पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. आकडा पडद्यावर होता, मी तो नोंदवला. पण तो आजचा आकडा, बाई. मधे एवढ्या वर्षांचा गाळ बसलाय, पाण्याची पातळीही त्या दिवशीची नाही. तेव्हा तिथं किती हात होतं ते आता कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाईंना ठाव आसंल." तुम्ही नाही आहात हे तिला मी तोवर सांगितलंच नव्हतं. तिथं, पाण्यावरच सांगितलं. ती रडली, मोकळ्यानं, घरातलं माणूस गेल्यासारखी. मी मागच्या जागेवर बसले होते, मला तिची पाठ दिसत होती. मी होडी सरळ धरून ठेवली, तेवढंच मला करता आलं.

काठावर उतरल्यावर ती म्हणाली, "त्यांच्या घरच्यांना सांगाया पायजे. पत्र लिही. तुझं अक्षर चांगलं हाय." मी व्हय म्हणाले. दोन दिवस झाले त्याला. वहिनींचा पत्ता माझ्याकडं आहे, पाकीट गाडीत आहे, आणि लिहायला बसले तर हे लिहिलं गेलं, तुम्हाला. वारा पडलाय आता. काठावरची पाण्याची रेघ स्थिर झालीय. थोड्या वेळात निघावं लागेल.

हे मी कुणाला पाठवणार नाही. पाठवलं तर वहिनींना कळेल की आई विचारत राहिली आणि तुम्ही येऊ शकला नाहीत, त्यात कदाचित माझा हात होता. कळायला हवं, हे मला समजतं. पण दर वर्षी गणपतीच्या आधी त्या मला फोन करतात. वन्संची पोर म्हणतात मला, सगळ्यांसमोर, आणि वाडीतल्या बायका मला तुमच्या खोलीत झोपायला जागा करून देतात. चार वर्षं मी जातेय. काल रात्री त्यांचा फोन आला होता, "यंदा येतस मां गो?"

मी हो म्हटलं.